आबांची चाल शिटीवर

३ फेब्रुवारी, मंगळवार
शिटीनं आज ऐकलं. आठवडाभर नुसती किंचाळत होती. दोष तिचा नाही, माझ्या फुंकेचा. क्लॅरिनेटला जेवढा वारा लागतो त्याच्या पावभरात हिचं पोट भरतं. आज बशीतला चहा फुंकतात तसं फुंकलं आणि खालचा सूर स्वच्छ बोलला.

वरचे दात काढल्यापासून क्लॅरिनेट पेटीत. कवळी लावून पाहिलं, कवळीच नाचते. बँडमधल्या पोरांनी मोठ्या मनानं सांगितलं, मास्तर, गणवेश घालून नुसते पुढे चालत जा. नुसतं चालायला मी काय नवरदेवाचा घोडा? सोडला बँड.

प्रज्ञाला ते बघवेना. माझ्या थोरल्या भावाची, दादाची नात, दवाखान्यात नर्स आहे. तिनं मोबाईलवरून ही मागवून दिली. टिन व्हिसल म्हणतात. पत्र्याची नळी, सहा भोकं, तोंडाशी हिरवं प्लास्टिक. दातांचं कामच नाही, ओठ पुरे. शांता म्हणाली, "अहो, जत्रेतली पिपाणी दिसते." दिसू दे.

७ फेब्रु., शनि.
सा कुठं धरायचा, निकाल लावला. सहाही भोकं बंद करून सा धरला की खाली जायला जागाच नाही, आणि आपली गाणी सा च्या खाली पाय सोडून बसतात. म्हणून वरची तीन बंद, तिथं सा. आता खाली प पर्यंत उतरता येतं. कोमल नि अर्ध्या भोकात. बोट एकदम उचलायचं नाही, केळ्याचं साल काढतात तसं काढायचं, की सूर सुरावर घसरतो, मींड येते. मोठी येत नाही. पण येते.

थुंकी साचली की आवाज बसतो. उपाय सापडला: वरच्या फटीवर बोट ठेवून एक जोराची फुंक.

खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन जिन्यात भेटल्या. "सुदामभाई, आ शुं वगाडो छो? सारुं लागे छे." छान वाटतंय म्हणे. मी क्लॅरिनेट काढलं की हीच बाई खिडक्या लावून घ्यायची.

१५ फेब्रु., रवि.
सिनेमातलं वाजवणार नाही. बँडमध्ये जन्मभर तेच झालं. आता आपल्याकडच्या बायकांची गाणी हवीत, खानदेशची.

इथंच सुरतेत, लिंबायतला हळद होती, शांताच्या मावसबहिणीकडे. हळदीला मी मांडवाच्या आत, आयुष्यात पहिल्यांदा. बँडवाला कायम रस्त्यावर. आत काय गातात ते त्याला कुठं ऐकू येतं, त्याच्याच ढोलापुढे?

कोपऱ्यात शिटी ओठाला लावून नुसती बोटं फिरवत होतो. एक म्हातारी हळदीचा हात ओला ठेवूनच म्हणाली, "वाजाड ना भाऊ, तोंडमा धरीसन काय बसना?"

वाजवली. त्या गायच्या थांबल्या नाहीत, हेच मोठं. दोन चाली मिळाल्या. एक चारच सुरांत संपते, पण चौथ्यावर बायका जशा हेलकावतात ते कागदावर येत नाही. मोबाईलमध्ये भरून घेतलं.

ह्या चाली शिटीवर बेतून शिवल्यासारख्या बसतात. कारण सरळ आहे. हात कामात असताना म्हटलेलं गाणं, ताना मारायला फुरसत कुणाला? दम कमी, सूर थोडे. शिटीचंही तेच.

२२ फेब्रु., रवि.
प्रज्ञाचं लग्न ठरलं. २६ एप्रिल, कोसाडलाच, दादाच्या सोसायटीजवळच्या हॉलमध्ये. स्वतः सांगायला आली आमच्याकडे उधन्याला.

"नाना, बाहेर डीजे असणारच, पोरं ऐकत नाहीत. पण मी हॉलमध्ये चालत येईन तेव्हा फक्त तुमची शिटी. दुसरं काही नको."

"वाजवतो की."

"कोणतं?"

विचार करावा लागला नाही. आबांची चाल.

आबा म्हणजे माझे वडील, तिचे पणजोबा. गावाकडे सनई वाजवायचे. मग धम्मदीक्षा घेतली, गावकीची कामं टाकली, सनईही टाकली आणि सुरतेला येऊन मिलमध्ये लागले. मी झालो त्यानंतर. त्यांच्या हातात सनई मी कधी पाहिली नाही. पण सुट्टीच्या दिवशी दाढी करताना गालाला फेस लावून एक चाल गुणगुणायचे. अर्धी ओठात, अर्धी नाकात. तीच. आम्हां भावांत दादा त्या वेळी मोठा होता, रेल्वेत लागलेला. मी आरशासमोर वाटी धरून उभा असायचो.

प्र.ला वाजवून दाखवली. दुसऱ्यांदा वाजवायला लावली. "हीच," म्हणाली.

१ मार्च, रवि.
कोसाडला जाऊन आलो. आधी दादाला ऐकवावी म्हटलं, खूश होईल. खुर्चीत बसला होता, चष्मा कपाळावर. मी सुरू केली. पहिली ओळ झाली नाही तोच,

"बंद कर."

"काय झालं?"

"ही कुठं वाजायची माहीत आहे तुला?"

"आबा वाजवायचे."

"कुठं, ते विचारतोय. पाटलाच्या दारात. त्यांचा नवरदेव उंबरा ओलांडायचा तेव्हा. आबा बाहेर, उन्हात. आत पाय ठेवायचा नाही. ते टाकायचं म्हणून आपण गाव टाकलं. आणि तू ती माझ्या नातीच्या लग्नात वाजवणार?"

मी म्हटलं, "दादा, ह्या शिटीला जात नाही. परदेशातली आहे."

"शिटीला नसेल, सुद्या. चालीला आहे."

चहा झाला. नळाचं पाणी, हॉलचं भाडं, पत्रिकेतली नावं. ह्यावरच बोलणं. अमरोलीपर्यंत चालत आलो, मग रिक्षा.

२ मार्च, सोम.
दिवसभर डोक्यात वाद. सात सूर काय पाटलाच्या सातबाऱ्यावर होते? वाजवणारा आपला, फुंक आपली, बोटं आपली. दारच तेवढं त्याचं. दार गेलं, चाल राहिली. माझं चुकत नाही.

शांताला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "बरोबर आहे तुमचं. पण मोठ्या भाऊजींशी वाद जिंकलात तरी लग्न त्यांच्या घरचं आहे."

९ मार्च, सोम.
चाल अपुरी आहे. हे आधीच ध्यानात यायला हवं होतं. आबा दोन ओळी गुणगुणायचे आणि परत पहिलीवर. दोन ओळींत कुणी सनई वाजवत नाही. वर जाणारा तुकडा असणार. दुसरी ओळ जिथं थांबते तो सूर पायरीवर एक पाय ठेवल्यासारखा आहे. पुढची पायरी कुठंय?

दादाला येत असणार. तो सांगणार नाही. मग एकच माणूस उरलं: यसोदा आत्या. आबांची धाकटी बहीण, आता नव्वदीला टेकलेली. कडोदऱ्याला मुलाकडे असते.

१५ मार्च, रवि.
कडोदरा. आत्याच्या मुलाचं घर लूमच्या गाळ्यांमागं. भिंतीतून खटखट येते, आत्याला ती ऐकूच येत नाही. तिची सून मंगल दारातच म्हणाली, "भाऊ, कानाजवळ जाऊन वाजवा."

आत्यानं मला आधी चेहऱ्याला हात लावून ओळखलं. "सुदाम शे का? तुना दात कोठे गयात रे?" हसलो दोघं.

कानाजवळ वाजवली, हळू. पहिल्याच ओळीला तिची मान हलायला लागली. दुसरी ओळ संपली, आणि मी थांबलो तिथून ती पुढे गेली. आपणहून. आवाज चिरलेला, पण सूर जागेवर.

बोंड फुटनं माय, पांढरी वटी भरनी
सूर्य बुडाले उना, मनी ओळ नई सरनी

म्हटलं, आत्या, ह्याला शब्द आहेत?

"आहेत म्हंजे? हाई मनी मायनं गानं शे. कापूस येचाले जाऊत आम्ही. माय पुढे म्हने, बाया मांगे वढेत."

"पण ही तर पाटलाच्या दारात वाजायची."

"पाटीलनं कसानं? तुना बाप माय संगे वावरमा जाये, शीळ वाजाडत. मंग त्यानी सनईमा घाल्लं. आम्हना घरमातून गयं ते पाटीलना दारमा."

म्हणजे चाल आमच्या आजीची! कापूस वेचताना म्हटलेली, सूर्य बुडायला आला तरी ओळ सरत नाही म्हणून. पाटलाच्या दारात गेली ती आमच्या घरातून. मी आत्याच्या पाया पडलो. बोंड फोडल्यासारखं दादाचं म्हणणं फोडतो आता.

निघताना मंगल रस्त्यापर्यंत आली. हसत म्हणाली, "एक सांगू का भाऊ? रागावू नका. आत्याबाईंना टीव्हीवरचं गाणं लावलं तरी मनी मायनं शे म्हणतात."

असू दे. टीव्हीवरच्या गाण्यात कापसाची ओळ कोण घालतं?

२१ मार्च, शनि.
अंतरा बसवतोय. आबांची सनई वर कुठवर जात असेल ते डोक्यात होतं म्हणून तारसप्तकात प पर्यंत नेऊन पाहिला. शिटी तिथं कुकरसारखी होते. हंसाबेनच्या नातवानं गॅलरीतून कान धरून दाखवले.

मग आत्याचं भरून आणलेलं परत ऐकलं. ती एवढी वर जातच नाही. ग वर टेकते आणि कंटाळल्यासारखी खाली येते. वाकून काम करणारी बाई वर कशाला जाईल? वरचे मजले आबांनी बांधले असतील, सनईसाठी. शिटीला आजीचं बैठं घर पुरे. वरचं सगळं काढून टाकलं. "भरनी" वर बोट सोलून घ्यायचं, "सरनी" वर सोलायचं नाही, सरळ ठेवून द्यायचं. एवढ्या एका गोष्टीवर आख्खा दिवस गेला, पण आता ती माझी झाली.

शांता स्वयंपाकघरातून दुसरी ओळ म्हणत होती. तिला कळलंही नाही.

२९ मार्च, रवि.
जसं झालं तसं लिहितो.

दादाकडे गेलो. प्र. ड्यूटीवर होती, बाकीचे खरेदीला. दोघंच. मी आत्याचं सगळं सांगितलं, कापूस, ओळ, शीळ. मोबाईलवर तिचा आवाजही लावला. दादानं शेवटपर्यंत ऐकलं.

"आत्या आबांची बहीण आहे. ती असंच सांगणार."

"आणि खरं असलं तर?"

"असेल." चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाला, "सनई एकटी वाजते का रे? तू वाजवणारा माणूस, तू सांग."

"नाही. मागं सूर धरणारा लागतो."

"मग आबांच्या मागं कोण होतं?"

मी मोबाईल बंद केला. दादाच पुढे म्हणाला,

"मी होतो. शाळेत जायचो तेव्हा. आबांच्या मागं उभं राहायचं आणि एक सूर धरायचा. चाल वर जावो, खाली येवो, माझा तोच. श्वास नाकानं घ्यायचा, गालांनी सोडायचा, तुटू द्यायचा नाही. तुटला की पाटलाचा माणूस काठी आपटायचा. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत. आबांना निदान वाजवायची धुंदी होती. डोळे मिटून घ्यायचे. मी मिटायचो नाही. मला सगळं दिसायचं."

गालांवरून हात फिरवला त्यानं. "तू चाल आबांच्या दाढीच्या फेसातून ऐकलीस. तुझ्या वाट्याला चाल आली, सुद्या. माझ्या वाट्याला एकच सूर."

आवाज चढवला नाही. ह्याच आवाजात तो गाड्यांचे टाइम सांगतो.

मी शिटी खिशात घातली. माझ्या डोक्यात आबांची सनई कायम एकटीच वाजत होती.

५ एप्रिल, रवि.
ती चाल वाजवलेली नाही. हात जातो, पण नाही.

मी चूक आहे असं अजूनही वाटत नाही. चाल आजीची असेल तर ती टाकायची कशाला? पण दादाही चूक नाही. दोन माणसं बरोबर असली की काय करायचं, हे बँडमध्ये कुणी शिकवलं नाही. तिथं ज्याचा ढोल मोठा तो बरोबर.

लिंबायतची हळदीची चाल मात्र पक्की झाली. आणि शांताच्या आईची एक पाळण्याची निघाली. शांता म्हणते, मी वाजवतो. ह्यात कोमल ग येतो, अर्धं भोक झाकताना बोट घसरतं. करंगळीशेजारच्या बोटाला काम लावलं.

१४ एप्रिल, मंगळ.
जयंती. कोसाडची मिरवणूक. दादा पांढऱ्या सदऱ्यात सगळ्यांत पुढे, काठी न घेता. मी शेजारून. डीजेपुढे बोलणं शक्य नव्हतं, बरंच झालं. सरबताच्या टेबलाजवळ त्यानं आधी मला पेला दिला, मग स्वतः घेतला.

१९ एप्रिल, रवि.
प्र.ला फोन केला. म्हटलं, तू आत येताना पाळण्याची वाजवणार, मग हळदीची. आबांची नाही.

"का? आजोबा काही बोलले का? मी बोलते त्यांच्याशी."

"नको. नवरीनं मागितलं की त्याला नाही म्हणता येणार नाही. मग ते 'हो' काही खरं नसेल."

"नाना, तुम्ही रागावलात त्यांच्यावर?"

"नाही गं." आणि खरंच नाही.

"पाळण्याची लग्नात चालते?"

"माझ्या फुंकेनं चालते."

हसली.

२७ एप्रिल, सोम.
काल लग्न झालं. शांता म्हणत होती लिहा आधी, मग झोपा, पण काल डोळेच उघडे राहिले नाहीत.

बाहेर डीजेनं खिडक्या हलवल्या. मग दार लागलं, हॉलमध्ये पंख्यांचा आवाज. मला माईक देत होते, घेतला नाही. माईकवर फुंक ऐकू येते, सूर मागं पडतो. प्रज्ञा दारात आली, पांढरी साडी. सुरू केली. पहिल्या ओळीला मागच्या रांगांत कुजबुज, "काय वाजतंय?" दुसऱ्या ओळीला शांत. ती सावकाश चालत होती, मी तिच्या पायांवर ठेका ठेवला. कोमल ग घसरला नाही. एकदाही नाही! मधेच एका बाईनं शब्द धरले, मग तीन-चार जणींनी. लग्नात पाळणा, पण कुणी हसलं नाही. प्र.ची आई पदरानं डोळे टिपत होती.

वंदना झाली, लग्न लागलं, मग हळदीची चाल. त्यावर तर टाळ्याच धरल्या बायकांनी. बँडमधलं एक पोरगं पाहुणा म्हणून आलं होतं. म्हणालं, मास्तर, हे शिकवाल का? म्हटलं, आधी चहा फुंकायला शीक.

दादा पहिल्या रांगेत. वाजवताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि त्यानं, शांता म्हणते, जमिनीकडे पाहिलं. जेवायला शेजारी बसलो. वरण वाढून झाल्यावर म्हणाला, "फुंक चांगली आहे."

मी इतकी वर्षं बँडमध्ये वाजवलं, हा माणूस एकदाही ऐकायला उभा राहिला नव्हता.

१ मे, शुक्र.
बुद्ध पौर्णिमा. कोसाडच्या विहारात खीर वाटली. दादा आला नव्हता. प्र.च्या आईला विचारलं. "सकाळी लवकर बाहेर पडले. कुठं ते सांगितलं नाही. टोपी घालून गेलेत म्हणजे लांब गेले असतील."

उन्हाचा. ह्या वयात. काळजी वाटली.

२ मे, शनि.
दुपारी कडोदऱ्याहून मंगलचा फोन. "भाऊ, काल तुमचे दादा आले होते. एकटेच."

"आत्याकडे?"

"हो. कमरेजच्या बसमध्ये बसले होते चुकून, मग उतरून रिक्षानं आले. आत्याबाईंजवळ खूप वेळ बसले."

"काय विचारलं त्यांनी?"

"ते कानाशी वाकून बोलत होते. मला ऐकू आलं नाही, मागं लूम चालू. मग आत्याबाई गायला लागल्या. तेच कापसाचं. एकदा झालं की ते परत म्हणा म्हणायचे. जेवा म्हटलं, नको म्हणाले."

"आणि चेहरा? रागावलेले दिसले?"

मंगल विचारात पडली. "तसं नाही सांगता येणार, भाऊ."

फोन ठेवला. शांता म्हणाली, "जा ना कोसाडला. विचारून या."

नाही जाणार. सांगायचं असेल तर त्याला उधना माहीत आहे. आणि नाही सांगितलं तरी चाल कुठं जात नाही. अंतऱ्यासकट बसलेली आहे, कधीही काढावी.

संध्याकाळी प्रज्ञाचा फोन, सासरहून. "नाना, आईनं सांगितलं, आजोबा कालपासून टीव्ही लावत नाहीयेत. बातम्यासुद्धा नाही. गॅलरीत नुसते बसलेत. मी फोन करून विचारू का काय झालं?"

म्हटलं, "नको. बसू दे त्याला."